दिवाणातलं हवाई दल

सिडकोतल्या एका फ्लॅटमध्ये एक पेटीवाला दिवाण आहे. मराठी घरातल्या दिवाणाच्या पोटात साधारणपणे पाहुण्यांच्या गाद्या, नाकारलेल्या चादरी आणि लग्नात आलेली, अजून खोक्यातच असलेली भांडी असतात. या घरात गाद्यांची बदली पलंगाखाली झाली आहे. दिवाणात सध्या एक मिग-२१, एक स्पिटफायर, एक सेंच्युरियन रणगाडा आणि एक तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज आहे. चारही प्लास्टिकची, चारही उत्साहाने सुरू केलेली आणि चारही अर्धवट. न उघडलेले डबे वेगळे, ते माळ्यावर. किती आहेत असं कुणी विचारलंच, तर घरमालक "असतील तीन-चार" म्हणतात आणि विषय पाण्याच्या टँकरकडे नेतात.

गृहस्थांची नोकरी वाळूजला, एका कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात. 'वर्क इन प्रोग्रेस' कमी करा, अर्धवट माल मशीनपाशी साचू देऊ नका, हातातलं संपल्याशिवाय पुढचं उचलू नका, हे ते पगार घेऊन दिवसभर लोकांना सांगतात. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी उधळपट्टीचे सात प्रकार सांगितले, त्यात साचलेला माल हा एक. ते सातही प्रकार गृहस्थांना तोंडपाठ आहेत. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते, चहा होतो, आणि मग डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते एकटेच सातही प्रकार करून दाखवतात.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. हा छंद मुळात वाट पाहण्याचा आहे. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले की मधे जोड दिसतो. तो बुजवायला पुट्टी भरायची. पुट्टी वाळताना आक्रसते, म्हणून ती पूर्ण वाळू द्यायची, मग पॉलिशपेपर ओला करून घासायचं, बोट फिरवून पाहायचं आणि तिथे खाच लागतेच, म्हणून पुन्हा पुट्टी. घाई केली तर रंग दिल्यावर तीच रेघ वर येते. इनॅमल रंगाचा हात नीट वाळायला दिवस जातो. पारदर्शक कॅनोपी फेव्हिक्विकने चिकटवावी, तर त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. म्हणून तिला वेगळा गोंद आणि वेगळी रात्र. आता एक विमान वाळत असताना माणसाने काय करावं? टेबलावर हात ठेवून बसावं? तो दुसरा डबा उघडतो. दुसरा वाळायला लागला की तिसरा. कारखान्यात याला मशीन रिकामं न ठेवणं म्हणतात आणि त्याबद्दल बक्षीसही मिळतं.

मराठवाड्याची हवा त्यात आपली भर घालते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाण्यातला ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळून बसतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की लॅकर पांढुरकं पडतं. म्हणजे उन्हाळ्यात रंग नको, पावसाळ्यात लॅकर नको. उरला हिवाळा, आणि त्यात नातेवाइकांची लग्नं. इथल्या उन्हाचा एकच धडधडीत उपयोग आहे. जुन्या डब्यातले डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चिन्हांचे कागद, पिवळे पडलेले असतात. तो कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवला की उन्हाने पिवळेपणा उतरतो. या घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत एकेकाळी मनीप्लँट होता. आता तिथे भारतीय हवाई दलाची वर्तुळं ऊन खात असतात: बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं.

पण हे वाळण्याचं कारण घरच्यांना सांगायचं. खरं कारण निराळं आहे आणि ते पाहायला अजिंठ्याच्या पाचव्या लेण्यापाशी जावं लागतं. पर्यटक तिथे थांबत नाहीत. एक, दोन, चार बघून पुढे निघतात. पाच नंबर म्हणजे विहार खोदायचा बेत होता. काम अर्ध्यात राहिलं, आत बघण्यासारखं काही नाही, पण दाराची चौकट मात्र हौसेने कोरलेली. विमानांच्या मॉडेलमध्ये ही चौकट म्हणजे कॉकपिट. सूचनापत्रातली पहिली पायरी बहुधा तीच. सीट, तिच्यावरचे पट्टे, डायलच्या पाटीवर सुईच्या टोकाने दिलेले पांढरे ठिपके, स्टिकच्या मुठीला काळा रंग. यात दोन आठवडे स्वर्गात जातात. मग धड मिटायचं, कॉकपिट अंधारात जायचं आणि पुट्टी-पॉलिशपेपरचा जन्म सुरू व्हायचा. नेमक्या याच पायरीवर कोणत्याही शहाण्या माणसाला नव्या डब्यातलं नवं कॉकपिट खुणावतं. गृहस्थांच्या स्पिटफायरचं आणि मिगचं कॉकपिट कुणालाही दाखवण्यासारखं आहे. बाकीचं विमान दाखवण्यासारखं नाही.

पाचव्या लेण्यावरून पुढे चालत चोविसाव्यापर्यंत गेलं, तर प्रकरण आणखी जवळचं वाटू लागतं. हे पुरं झालं असतं तर चौथ्या लेण्याखालोखाल अजिंठ्यातलं मोठं विहार ठरलं असतं. काम थांबलं तेव्हा जे जसं होतं ते तसंच राहिलं, आणि म्हणूनच अभ्यासकांना ते फार मोलाचं वाटतं. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशकं अजिंठ्यात घालवली आणि असल्या अर्धवट लेण्यांवरून काम कसं चालायचं ते दाखवून दिलं. चोविसाव्यात मधलं दालन आणि गाभारा खोदणं चालू असतानाच बाजूच्या खोल्यांवर दुसऱ्या तुकड्या लागल्या होत्या. सगळं एकदम, जिथे हात पोचेल तिथे. ओनो यांना ते पाहून घाम फुटला असता.

स्पिंक यांची पुढची मांडणी तर या छंदातल्या प्रत्येकाने टेबलासमोर चिकटवावी अशी आहे. त्यांच्या मते वाकाटक राजा हरिषेण इसवी सनाच्या ४७७ च्या सुमाराला गेला आणि अजिंठ्यातला कामाचा ओघ आटू लागला. आश्रयदात्यांची धांदल उडाली. मंडप, खांब, नक्षी राहू दे. आधी गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती पुरी करा, तिची प्रतिष्ठापना होऊ दे, पुण्य पदरात पडू दे. सगळे विद्वान या तारखा मान्य करतात असं नाही. पण पाहुणे दारात आल्यावर हॉलमधला पसारा एका हाताने आवरत दुसऱ्या हाताने महत्त्वाची गोष्ट उरकणाऱ्याला हा इतिहास पटवून द्यावा लागत नाही.

एकूण अजिंठ्याच्या या जिल्ह्याला आराखडे अर्ध्यात बदलण्याची परंपरा जुनी आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली आणि काही वर्षांत परत नेली; एवढा मोठा डबा उघडून मिटणारा माणूस पुन्हा झाला नाही. छोट्या प्रमाणातल्या प्रतिकृतींचंही तेच. बीबी का मकबरा म्हणजे ताजमहालाची लहान आवृत्ती. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी तो बांधला गेला आणि स्थपती अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. घराण्यातच सूचनापत्र होतं म्हणा ना! ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने सुरत-गोवळकोंडा वाटेवर संगमरवर लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या पाहिल्या, त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल. तरीही भिंतींचा संगमरवर कमरेइतकाच चढला. त्यावर काळा दगड आणि त्याला चुन्याचा गिलावा. घुमटापाशी पुन्हा संगमरवर. खर्चाचा नोंदलेला आकडा ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. वरचे सात आणे लिहून ठेवणारा कारकून आणि संगमरवर संपला की गिलावा लावणारा कारागीर, दोघेही डब्यांच्या दुनियेत सुखाने नांदले असते. जिथे माल पुरत नाही तिथे पुट्टी.

खरी ओवाळणी मात्र वेरूळच्या ३० क्रमांकाच्या लेण्याला. सोळाव्या लेण्यातलं कैलास सगळ्यांना माहीत असतं: राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं अखंड मंदिर. पुट्टी नाही, सुटा भाग नाही, छिन्नी चुकली तर बदली तुकडा मागवायची सोय नाही. पुढे त्याच डोंगरात उत्तरेला जैन कारागिरांनी त्याच धर्तीचं पण कितीतरी लहान मंदिर कोरायला घेतलं. त्याला लोक छोटा कैलास म्हणतात. छोटा कैलास पुरा झाला नाही. शहरापासून तीस किलोमीटरवर, बाराशे वर्षांमागचं, अर्धवट राहिलेलं स्केल मॉडेल! आणि त्याला १९८३ पासून जागतिक वारसा म्हणून मान. गृहस्थ ही माहिती घरी वरचेवर देतात. घरून एकदाच उत्तर आलं: "अहो, ते लेणं कुणाच्या डायनिंग टेबलावर नाहीये."

डब्यातल्या मॉडेलचा व्यवसाय त्यामानाने कालचा. एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरियन माणसाने १९३९ मध्ये इंग्लंडात काढली. १९४९ चा फर्ग्युसन ट्रॅक्टर, १९५२ चं 'गोल्डन हाइंड' जहाज आणि १९५३ ची स्पिटफायर इथून पुढे जगभरच्या डायनिंग टेबलांचं वाटोळं सुरू झालं. विमानांना १:७२ हे माप रुळलं. सहा फुटी माणूस त्यात एक इंचाचा होतो. रणगाड्यांचं १:३५ हे माप तर कुणी विचार करून ठरवलेलंच नाही. जपानच्या तामियाने १९६१ च्या सुमाराला पँथर रणगाडा काढला, आत मोटर आणि बॅटरी मावायला हवी होती, ती मावली तेव्हा माप जवळपास पस्तिसाव्या हिश्शाचं निघालं. पुढे सगळे त्याच मापावर गेले.

१:७२ मधल्या वैमानिकाचं डोकं साबुदाण्याएवढं असतं. हे सांगायचं कारण असं, की चिमट्यातून तो साबुदाणा उडतो. उडाल्याचा आवाज होत नाही, पडल्याचा तर मुळीच नाही. मग गृहस्थ फरशीला गाल टेकवून मोबाइलचा टॉर्च आडवा धरतात, म्हणजे कणाकणाची सावली लांब पडते. ही पद्धत उत्तम आहे. तिने हरवलेली टिकली सापडते, मागच्या दिवाळीतला चिवड्यातला डाळ्याचा दाणा सापडतो. डोकं सकाळी कामाच्या मावशींना सुपलीत सापडतं.

"दादा, ह्याला नाकडोळे आहेत. टाकू का ठेवू?"

मावशींनी आजवर एक डोकं, रणगाड्याचा एक आरसा आणि मिगचं एक क्षेपणास्त्र वाचवलं आहे. फ्रिजवर त्यांच्यासाठी एक रिकामी काड्यापेटी ठेवलेली असते.

मिगचं दुखणं वेगळं आहे. पुढे चाक असलेल्या बऱ्याच मॉडेलांच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. गृहस्थांनी एअरगनचे छर्रे फेव्हिक्विकने आत बसवले, धड मिटलं, पुट्टी मारली, घासलं, अगदी आरशासारखं केलं. त्यानंतर आतून एक छर्रा सुटला. विमान तिरपं केलं की तो घरंगळतो आणि ऐकू येतो. धड फोडावं की खुळखुळा सहन करावा, हा निर्णय होईपर्यंत मिग दिवाणात गेलं. इकडे खरं मिग-२१ १९६३ मध्ये हवाई दलात आलं होतं. ६२ वर्षं उडालं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला २३ क्रमांकाच्या पँथर्स स्क्वाड्रनने त्याला निरोप दिला. टीव्हीवर तो सोहळा पाहताना घरात कुणी काही बोललं नाही, फक्त सगळ्यांनी एकदा दिवाणाकडे पाहिलं. गृहस्थांनी लगेच जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाची गोष्ट पुढे केली. ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' या नावाने १९४३ मध्ये तिचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, घातला, १९४५ ला ती पाण्यात सोडली, युद्ध संपलं तशी १९४६ मध्ये तिचं काम थांबवलं. १९५७ मध्ये भारताने ते अर्धवट जहाज विकत घेतलं आणि १९६१ ला नौदलात दाखल केलं. अठरा वर्षं! आणि पुढे १९७१ च्या युद्धात तिने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुद्दा बिनतोड होता. बायको म्हणाली, "तिलाही शेवटी दुसऱ्यानेच पुरं केलं."

हरिषेणाचा मृत्यू या घरात दरवर्षी भाद्रपदात येतो. मराठवाड्यात महालक्ष्म्या बसायच्या म्हणजे हॉल रिकामा, टेबल रिकामं आणि दिवाणावर पाहुणे. आवाहनाच्या आदल्या रात्रीपर्यंत थिनरचा वास गेला नाही तर पुरणाच्या स्वयंपाकाला बसणाऱ्या सासूबाई काय बोलतील हे सांगायला नको. एरवी महिनोन्महिने न हलणारं काम या धास्तीने हलतं. एका वर्षी तर घरातूनच मागणी आली, कारण महालक्ष्म्यांपुढे खेळण्यांची आरास मांडतात आणि जुनी चिनी बदकं आता फारच जुनी झाली होती. "तुमच्यातलं एखादं पुरं असेल तर द्या."

मग चोविसावं लेणं जागं झालं. जहाज बाद, त्याचे दोर शिवणाच्या दोऱ्याचे, ते ओढायलाच महिना. मिग वाजतं, तेही बाद. स्पिटफायरच्या जोडावर शेवटची पुट्टी होती तशीच ठेवून तिच्यावर रंग चढवला. सेंच्युरियनचं प्रकरण अवघड होतं. १९६५ च्या युद्धात असल उत्तरला पॅटन रणगाड्यांपुढे उभे राहिलेल्यांत सेंच्युरियन होते, म्हणून हा डबा घेतलेला. त्याला एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून चोवीस, आणि प्रत्येकाच्या कडेचं रबर बारीक ब्रशने काळं करायचं. रात्री एकपर्यंत बाहेरून दिसणारी एका बाजूची सहा काळी झाली. रणगाडा आडवा ठेवला, काळी बाजू देवीकडे आणि पाहुण्यांकडे, उरलेली भिंतीकडे.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आराशीचं कौतुक केलं. एकीने स्पिटफायर ऑनलाइन कुठून मागवली ते विचारलं. दुसरीचा दुसरीतला मुलगा कापसाच्या बर्फावरून रणगाडा उचलून उलटसुलट बघत बसला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, ह्याची इकडची चाकं पांढरी का?"

"ती अजून वाळतायत," काकू म्हणाल्या, आणि त्याच्या हातात करंजी ठेवून रणगाडा होता तसा परत लावून टाकला.