दारावरची लस

ज्या देशात पेन्शनर माणसाला दर नोव्हेंबरात बँकेच्या खिडकीशी जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, तिथे कोणी लस टोचल्याचा दाखला मागितला म्हणून चिडायचं काही कारण नव्हतं. समोर उभा असलेला, खोकणारा, पेन मागणारा म्हातारा हयात आहे यावर आपल्याकडे डोळ्यांनी विश्वास बसत नाही, कागदाने बसतो. महाराष्ट्र सरकारने तो प्रसिद्ध आदेश काढला तोही नोव्हेंबरातच. २७ नोव्हेंबर २०२१. दुकान, मॉल, नाट्यगृह, समारंभ, बस, रिक्षा, टॅक्सी, जिथे म्हणून चार माणसं एकमेकांना भेटतात तिथे दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रवेश. नियम मोडणाऱ्याला ५०० रुपये दंड, आस्थापनेला १०,००० रुपये. टॅक्सीत बसलात तर प्रवाशालाही ५०० आणि चालकालाही ५००. मीटर न टाकता होणारा हा राज्यातला पहिला व्यवहार असावा.

लस चांगली की वाईट, हा इथला विषय नाही. लस चांगलीच. तिने माणसं वाचवली, मीही रांगेत उभा राहून आनंदाने टोचून घेतली. विषय आहे दारावर उभं राहून तिचा पुरावा मागण्याचा.

सुरुवात मुंबईच्या लोकलने झाली होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस पूर्ण होऊन चौदा दिवस उलटलेल्यांना लोकलची मुभा मिळाली. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून दिलेलं हे स्वातंत्र्य स्टेशनवरच्या टेबलाशी कागद तपासून, त्यावर शिक्का मारून मिळत होतं, तेही मासिक पास काढणाऱ्यालाच. आता जरा पंचांग मांडू. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी १ मे रोजी लस खुली झाली, आणि पंधरवडा व्हायच्या आत महाराष्ट्राने साठा नाही म्हणून ती बंद केली. पुन्हा सुरू झाली जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कोविशील्डच्या दोन डोसांत अंतर किमान ८४ दिवसांचं. ज्या पंचवीस वर्षांच्या पोराला २२ जूनला पहिला डोस मिळाला, त्याचा दुसरा १४ सप्टेंबरला आणि त्यानंतरचे चौदा दिवस धरून लोकल २८ सप्टेंबरला. त्याने लस नाकारली नव्हती. सरकारकडे नव्हती म्हणून त्याला मिळाली नव्हती, आणि मिळाली नव्हती म्हणून सरकार त्याला गाडीत चढू देत नव्हतं. तो बिचारा विरारहून बसने निघायचा. बसला तेव्हा अट नव्हती. विषाणू रेल्वेने जातो, बेस्टने जात नाही, असं तेव्हाचं शास्त्र होतं. नोव्हेंबरात ते सुधारलं.

मॉलचं तर विचारूच नका. ऑगस्टात मॉल उघडले ते दोन डोसवाल्यांसाठी. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अठरा वर्षांखालच्यांना देशात लसच नाही, आणि मॉल ज्यांच्या हट्टापायी चालतात ती पोरं तीच. दुसऱ्याच दिवशी सुधारित आदेश आला: मुलांनी वयाचा पुरावा दाखवावा. कोणता? शाळेचं ओळखपत्र, आधार कार्ड किंवा पॅन कार्ड. आठवीतल्या ज्या मुलाने आयकर भरण्याची तयारी आधीच करून ठेवली होती, त्याचा आइस्क्रीमचा प्रश्न मिटला.

या सगळ्या व्यवस्थेचा खरा आधारस्तंभ होता दारावरचा वॉचमन. बारा तासांची पाळी, एजन्सीचा गणवेश, एका हातात सॅनिटायझरची बाटली आणि दुसऱ्या हातात तापमापकाचं पिस्तूल. ते कपाळाला लावलं की चौतीस अंश दाखवायचं. त्या तापमानाला माणसाला घोंगडीत गुंडाळून इस्पितळात न्यायला हवं, पण आकडा कमी होता म्हणून चालायचं. अशा माणसाकडे राज्याचं साथरोग खातं आलं. त्याने पाहायचं काय, तर डोस दोन झाले का, दुसऱ्याला चौदा दिवस झाले का, सर्टिफिकेटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच आहे का. मागे चाळीस माणसांची रांग आणि शनिवारची संध्याकाळ. सर्टिफिकेटावर क्यूआर कोड होता, वॉचमनकडे स्कॅनर नव्हता. सर्टिफिकेटावर फोटोही होता, पण तो लस घेणाऱ्याचा नव्हता. फोटो पडताळूनच आत सोडायचं म्हटलं असतं, तर अख्ख्या देशात एकच गृहस्थ मॉलमध्ये जाऊ शकले असते.

वॉचमन हा शासनाहून शहाणा माणूस असतो. त्याने आठवडाभरात तोडगा काढला. 'मोबाइल दाखवा.' आपण मोबाइल दाखवायचा. तो खरोखर मोबाइलच आहे अशी त्याची खात्री पटली की 'या साहेब.' कोणी वीजबिलाचा स्क्रीनशॉट दाखवला, कोणी मेहुणीचं सर्टिफिकेट दाखवलं, सगळे आत गेले. गाडीने बेसमेंटमधून येणाऱ्यांची मात्र डिकी उघडून पाहायचे. डोस डिकीत ठेवतात अशी समजूत असावी. त्या वॉचमनचे स्वतःचे दोन डोस झाले होते का, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही.

हीच गंमत आमच्या सोसायटीच्या फलकावरही आली होती. कामवाल्या बायका, स्वयंपाकाच्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाले, पेपरवाले, इस्त्रीवाले, सर्वांनी दोन्ही डोसच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स गेटवर जमा करावी, अन्यथा प्रवेश नाही. खाली चेअरमन आणि सेक्रेटरींच्या सह्या. सभासदांचं काय, असं मी सभेत विचारलं. सभासद मेंटेनन्स भरतात, असं उत्तर मिळालं. चेअरमन स्वतः आयुर्वेदावर होते. मावशींनी मात्र पहाटे पाचला महापालिकेच्या केंद्रावर टोकनसाठी उभं राहून, एक दिवसाचा पगार बुडवून डोस घेतला होता. मे महिन्यात आमच्या याच सोसायटीतली पोरं लॅपटॉपवर डोळे लावून कोविनवर स्लॉट पकडायची आणि मिळाला की गाडी काढून पालघरच्या, शहापूरच्या खेड्यांतल्या केंद्रांवर जायची. तिथल्या गावकऱ्यांना तेव्हा कळलं की आपल्या गावात लस आली आहे, कारण ती संपली होती. नोव्हेंबरात त्याच गावकऱ्यांना एसटीत चढताना कोणी विचारलं असेल, दोन डोस झाले का?

कागद आणि लस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्याला कांदिवलीने शिकवलं. ३० मे २०२१ रोजी तिथल्या एका हौसिंग सोसायटीत लसीकरण शिबिर झालं. ३९० जणांनी पैसे भरून टोचून घेतलं. थोड्या दिवसांनी लोक एकमेकांना विचारू लागले, तुम्हाला ताप आला का हो? नाही. अंग दुखलं? छे. कुणालाच काही झालं नाही. सगळ्या बिल्डिंगची प्रकृती अशी ठणठणीत पाहून रहिवाशांना शंका आली, आणि ती खरी निघाली. टोचलं होतं ते बहुधा सलाइनचं पाणी. प्रमाणपत्रं मात्र आली, तीही निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची. मुंबईत अशा शिबिरांत २,०५३ लोक फसल्याचं राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. ते उघडकीला आलं नसतं तर हेच लोक ऑगस्टात लोकलच्या टेबलाशी सन्मानाने उभे राहिले असते, कारण त्यांच्याकडे कागद होता. आणि ज्या गड्याने सरकारी केंद्रावर खरी लस घेतली, पण ज्याचा मोबाइल नंबर कारकुनाने एका आकड्याने चुकवला, तो बाहेर राहिला असता.

औरंगाबादने पुढची पायरी गाठली. त्या जिल्ह्यात लस घेतलेले ५५ टक्के आणि राज्यात ७४ टक्के, अशी नामुष्की होती. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला: किमान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशनही नाही. पेट्रोलपंपावर हवा भरणारा पोरगा एका रात्रीत आरोग्याधिकारी झाला. पेट्रोलचं एकवेळ समजू, पण रेशन? कोरोनाने मरू नये म्हणून माणसाला उपाशी ठेवायचं, हे धोरण वैद्यकशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात आहे ते मला सापडलं नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात खंडव्याला दारूच्या दुकानांवर दोन डोसची अट आली, आणि तिथे कागद नको, तोंडी सांगितलं तरी चालेल, असं ठरलं. कारण पिणारा खोटं बोलत नाही, असा अबकारी अधिकाऱ्यांचा अनुभव होता. नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवणारं सरकारी खातं मी आयुष्यात एवढं एकच पाहिलं.

आपला कागद बाहेरच्या दारांवर चालतो का, याचीही परीक्षा झाली. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डचे ५० लाख डोस ब्रिटनने मार्चमध्ये मागवून आपल्या माणसांना टोचले. सप्टेंबरात पुण्याचा माणूस तीच लस घेऊन लंडनला निघाला, तर म्हणे लस ठीक आहे, तुमचं सर्टिफिकेट ठीक नाही. त्यांना जन्मतारीख पूर्ण हवी होती. आपल्याकडे लगेच राष्ट्रीय अपमान वाटला, दिल्लीने इंग्रजांनाही दहा दिवस कोंडायचा नियम काढला, आणि ऑक्टोबरात प्रकरण मिटलं. दारावर अडवलेल्या माणसाला काय वाटतं, हे आपल्या राज्यकर्त्यांना त्या तीन आठवड्यांत नीट कळलं होतं. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी महाराष्ट्राचा आदेश आला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. दारावरच्या अटीने माणसं टोचून घेतात. फ्रान्समध्ये जुलै २०२१ मध्ये अध्यक्षांनी जाहीर केलं की कॅफेत बसायचं तर पास लागेल, आणि एका दिवसात नऊ लाखांवर लोकांनी लसीसाठी वेळ नोंदवली. फ्रेंच माणूस जिवाला घाबरत नाही, कॉफीला घाबरतो. आपल्याकडेही रांगा वाढल्या असतील. पण तिकडे आधी लस मुबलक झाली आणि मग दार बंद झालं. शिवाय लसीने काय साधतं आणि काय नाही, हेही तोवर दिसू लागलं होतं. ती आजार हाताबाहेर जाऊ देत नाही, मरण टाळते. संसर्ग मात्र पूर्ण थांबवत नाही, आणि ओमिक्रॉन आल्यावर तर फारच कमी. आदेश निघून सहा आठवडे झाले असताना, ७ जानेवारी २०२२ रोजी एकट्या मुंबईत एका दिवसात २०,९७१ नवे रुग्ण सापडले. विषाणूने दारावर मोबाइल दाखवला असणार.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे सगळं पाहून हसू आलं असतं. त्यांचं सर्टिफिकेट दंडावर होतं. देवी टोचल्याचा तो गोल व्रण, नेटवर्क नसतानाही उघडणारा. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला. १८७७ मध्ये मुंबईत ती कायद्याने सक्तीची झाली. म्हणजे सक्ती आपल्याला नवी नाही, आणि देवी हटवणाऱ्या शेवटच्या मोहिमेतही दारं मोडून टोचल्याच्या कहाण्या आहेतच. त्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा सरकार लस घेऊन माणसाच्या दारात येत होतं. कर्मचारी देवीच्या रोग्याचं चित्र हातात धरून गावोगाव विचारत हिंडले, रोगी दाखवणाऱ्याला १९७५ मध्ये १,००० रुपये बक्षीस ठेवलं, आणि त्याच वर्षी देशातली देवी संपली. १९७५ चे हजार देणं आणि २०२१ चे पाचशे घेणं, यातला फरक अर्थशास्त्र्यांनी काढावा.

घरोघरी जाण्याचा विचार २०२१ मध्येही सुचला नाही असं नाही. केंद्राची 'हर घर दस्तक' त्याच नोव्हेंबरात सुरू झाली. त्याआधी ऑक्टोबरात राज्याने 'मिशन कवचकुंडल' काढलं होतं. कर्णाची कवचकुंडलं शेवटी दारात आलेल्यानेच मागून नेली होती, हे नाव ठेवणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

पुढची कथा न्यायालयातली आहे आणि ती कुठल्याही प्रहसनाला लाजवील. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबंदीचे आदेश तपासले, तर ते तत्कालीन मुख्य सचिवांनी एकट्याने काढलेले निघाले. कायद्याने ज्या समितीशी बोलायचं होतं तिच्याशी बोलणंच झालं नव्हतं. सहा महिने लाखो माणसांकडे कागद मागणाऱ्यांचाच कागद अपुरा! सरकारने आदेश मागे घेतले आणि मार्चच्या सुरुवातीला, या वेळी रीतसर, तीच अट पुन्हा घातली. ती महिनाभर टिकली. गुढीपाडव्याच्या तोंडावर, १ एप्रिलपासून, सगळेच निर्बंध उठले. आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, सार्वजनिक हितासाठी सरकारला बंधनं घालता येतात, पण लस न घेतलेल्यांपासून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो असं दाखवणारी माहिती समोर आलेली नाही, म्हणून अशा बंदीला सध्या आधार नाही. बैल गेला नि झोपा केला, पण झोपा पक्का केला. खंडपीठावर न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्यासोबत आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते.

साथ पुन्हा येईल आणि कोणी ना कोणी पुन्हा दारावर टेबल टाकेल. टाका. पण जिथे दुर्बळ माणसं निजलेली आहेत तिथे टाका: अतिदक्षता विभागात, कर्करोगाच्या वॉर्डात, वृद्धाश्रमात, आणि तिथे आधी डॉक्टरांचा आणि कर्मचाऱ्यांचा कागद बघा, मग भेटायला आलेल्यांचा. रेशनच्या दुकानावर टाकू नका. ज्याला लस मिळाली नाही त्याच्याकडे ती घेतल्याचा पुरावा मागू नका. आणि आदेशावर समितीच्या सगळ्या सह्या घेऊन झाल्या की खाली एक तारीख छापा, तो कधी संपणार त्याची. बिस्किटाच्या पुड्यावर असते, तेवढी तरी.