आमचं लग्न चालत नाही

परतवाड्यात वस्तू मरत नाही. ती आधी खरखर करते, मग 'पाहू केव्हातरी' होते, मग माळ्यावर चढते. आणि माळ्यावर चढलेल्या वस्तूच्या मृत्यूचा दाखला द्यायचा अधिकार घरात कुणालाच नसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचा हा स्वभावच आहे आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं वाफेचं इंजीन आमच्या शकुंतलेला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांवरच्या गाडीला, १९९४च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. सत्तर वर्षं नोकरी, आणि निवृत्ती तीही डिझेल आलं म्हणून. पुढे गाडीच बंद पडली. पण 'होती तशी चालू करा' आणि 'उखडून मोठी लाइन टाका' असे दोन पक्ष पानठेल्यावर अजून भांडतात. असल्या गावात डीव्हीडी प्लेअर बिघडला, तर तो दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा हा प्रश्न घरगुती राहत नाही.

आमचा प्लेअर २००७ सालचा. माल चिनी, नाव मात्र एका थोर जपानी कंपनीचं, फक्त मधलं एक अक्षर सोयीनं बदललेलं. त्याआधी आम्ही पोळ्याला नाहीतर गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणायचो. भाडं वसूल व्हावं म्हणून एका रात्रीत तीन सिनेमे. त्यातला तिसरा निम्मं घर डोळे मिटून पाहायचं. मग सीडी आली. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून सिनेमाचे दोन तुकडे व्हायचे, आणि दिग्दर्शकाचा हात सैल असला तर तीन. प्लेअर घेतला त्याच सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि भाड्याच्या सीडीतला राम गेला. इंटरव्हल मात्र आमच्या हाती नव्हतं. ते भारनियमन ठरवायचं. नायक दरीत लोंबकळतो आहे आणि लाइट गेली, तर तो पहाटेपर्यंत लोंबकळत राहायचा.

मोझर बेअर २०१८ साली अवसायनात निघाली. तिच्या सीड्या आमच्याकडे अजून चालतात. अडचण नेमकी तिथूनच सुरू झाली.

कारण प्लेअर बंद पडला असता तर प्रश्न सोपा होता. तो बंद पडला नाही, चोखंदळ झाला. विकतचे सगळे सिनेमे तो बिनतक्रार लावी. आमच्या लग्नाची सीडी घातली की आत घुर्रघुर्र करी, जरा विचार करी आणि पडद्यावर 'नो डिस्क' अशी पाटी लावी. म्हणजे २००४च्या मे महिन्यात भर उन्हात तीनशे माणसांनी अक्षता टाकल्या, त्याचा पुरावाच नाही म्हणे!

बायकोनं ही तक्रार तिच्या बहिणीला फोनवर सांगितली. "बाकी सारं चालते माय, फक्त आमचं लगनच तेवढं चालत नाही." पलीकडून काय ऐकलं गेलं कुणास ठाऊक, संध्याकाळी अकोटहून माझ्या साळ्याचा फोन. "जवाईबुवा, मी काय म्हनतो, दोघांचंबी काही ना काही चुकतच असते. बसून बोलू." त्याला लेझरचं तंत्र समजावून सांगेपर्यंत आत्याबाई येऊन पोचल्या होत्या. त्यांनी चहा घेतला, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि जाताना बायकोला म्हणाल्या, "दम धर बाई. पुरुषाची जात पन्नाशीच्या आत एकदा बिघडतेच."

तेव्हा लवकर निकाल लावणं भाग होतं. घरची बैठक बसली. पुण्याला शिकणारा मुलगा मोबाइलवरून हजर झाला आणि एका वाक्यात मोकळा झाला. "बाबा, फेका ते. सगळं यूट्यूबवर आहे." आमचं लग्न यूट्यूबवर नाही, हे त्याच्या आईनं त्याला अशा आवाजात सांगितलं की त्याच्याकडचं नेटवर्क लगेच गेलं.

शेजारचे निवृत्त ओव्हरसियर सूत्र घेऊन आले. दुरुस्ती निम्म्या किमतीच्या आत होत असेल तर दुरुस्ती, वर गेली तर नवीन. सूत्र उत्तम होतं. फक्त निम्मी किंमत कशाची, हे ठरेना. २००७ साली मोजली त्याची? आजच्या नव्या प्लेअरची? की भंगारवाला आज याचे जे देईल त्याची? पहिल्या हिशेबानं दुरुस्ती स्वस्त पडत होती, दुसऱ्यानं बरोबरीत सुटत होती, आणि तिसऱ्यानं प्लेअरकडे नुसतं पाहणंसुद्धा परवडत नव्हतं. ओव्हरसियरांनी आयुष्यभर पुलांची इस्टिमेटं केली आहेत. त्यांनी मधला मार्ग काढला. "सध्या माळ्यावर ठेवा." आईनं एवढंच विचारलं, "त्याच्यात तुहे बाबा दिसतात ना रे?" मग माळ्याचा विषय संपला.

आधी नवा पाहावा म्हणून जयस्तंभ चौकातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पोरगा टीव्हीच्या भिंतीपुढे उभा होता. मी डीव्हीडी प्लेअर मागितला, तेव्हा त्यानं माझ्याकडे मी कंदिलाची काच मागितल्यासारखं पाहिलं. "काकाजी, त्याले आता कोन पुसते? बॉक्स घ्या. वायफाय लावा, जग पाहा." मला जग पाहायचं नव्हतं, पंगत पाहायची होती. शेवटी गोदामातून त्यानं एक धुळकट खोकं काढलं. किंमत २,२०० रुपये. मग म्हणाला, "पन तुमच्या टीव्हीले तीन भोकं आहेत ना?" तीन म्हणजे लाल, पांढरं, पिवळं. मुलानं गेल्या दिवाळीला घेतलेल्या चपट्या टीव्हीच्या पाठीशी एकच बारीक भोक आहे. त्याला वेगळी वायर लागते, ती अमरावतीला मिळेल. शिवाय दुकानदाराची सरळ अट होती: "तुमची सीडी याच्यावर चालनच, याची ग्यारंटी नाही हं." म्हणजे नव्या यंत्रालाही आमचं लग्न मान्य होईल याची खात्री नव्हती.

उरले उस्ताद. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान आहे. नाव-पाटी नाही, अर्धं गाव त्यांना उस्ताद म्हणतं आणि उरलेल्या अर्ध्याचे मिक्सर त्यांच्याकडे पडून असतात. उस्तादांनी प्लेअर उलटा केला. सहा स्क्रूंपैकी चारच होते, ते काढले. आत कपाशीच्या हंगामाची धूळ, पालीची दोन अंडी आणि मुंग्यांचं एक ओसाड गाव. ट्रेचा रबरी पट्टा सैल होऊन गळ्यातल्या माळेसारखा लोंबत होता. उस्तादांनी ब्रश फिरवला, कानात घालायच्या काडीला स्पिरिट लावून नखाहूनही लहान भिंग पुसलं, झाकण उघडंच ठेवून आमची सीडी लावली. ती गरगरली, भिंगानं वर-खाली मान हलवली, आणि 'नो डिस्क'. मग त्यांनी एक विकत घेतलेली सिनेमाची सीडी लावली. ती फटकन चालली.

"प्लेअर मेला नाही काकाजी," उस्ताद म्हणाले. "त्याची नजर कमी झाली."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याच शाळेत इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. कारखान्यातली सीडी ठशानं छापतात. तिच्यात खड्डे असतात आणि पाठीवर ॲल्युमिनियमचा लख्ख थर. लेझरचा किरण तिच्यावर पडला की भरपूर उजेड परत येतो. लग्नाची सीडी शूटिंगवाल्यानं संगणकावर भाजलेली. तिच्यात खड्डे नसतात, रंगाचा थर असतो. तो जागोजागी जाळून मजकूर लिहितात. तिच्यावरून उजेड मुळातच कमी परततो, आणि वर्षं गेली की तो रंगही विटतो. तरणा लेझर तेवढ्यावर भागवून घेतो. म्हाताऱ्याला फक्त सिनेमे दिसतात.

"उपाय?"

उस्तादांनी भिंगाच्या पट्टीवरचा एक अगदी इवलासा स्क्रू दाखवला. "हा प्रीसेट. थोडासा फिरवला का लेझर जोर मारते. चार-आठ दिवस असं चालन का तुम्हीच म्हनसान, नवा घेतला. मंग राम नाम सत्य." त्यांच्या धंद्यातले काही लोक गिऱ्हाइकाला एवढंच करून देतात म्हणे. उस्ताद करत नाहीत. दुसरा उपाय, अख्खा लेन्सचा भाग बदलणे. नवा माल येईनासा झाला आहे, पण दुकानाच्या मागच्या भिंतीशी मेलेल्या प्लेअरांची छातीइतकी चळत होती. कुणाची पॉवर सप्लाय गेलेली, कुणाचा ट्रे मोडलेला, डोळे शाबूत. त्यातला एक त्यांनी निवडला. लेन्स, पट्टा, मजुरी धरून ४५० रुपये. ओव्हरसियरांचं सूत्र कोणत्याही बाजूनं लावलं तरी चालेल असा हा आकडा होता. फक्त भंगारवाल्याच्या बाजूनं नाही.

सुट्या भागांवरून आठवलं, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२च्या जुलैत 'दुरुस्तीचा हक्क' कसा द्यायचा हे ठरवायला समिती नेमली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, सगळ्यांचे सुटे भाग आणि माहितीपुस्तिका कंपन्यांनी लोकांना द्याव्यात असा विचार. विचार चांगला आहे. उस्तादांना मी तो सांगितला. त्यांनी सोल्डरिंगचा धूर फुंकरीनं बाजूला सारला आणि विचारलं, "पुस्तिका मराठीत हाय का?"

लेन्स बसली. आता तपासणी. उस्तादांच्या दुकानातला चौदा इंची टीव्ही रस्त्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे आमचं लग्न दुसऱ्यांदा लागलं ते भर बाजारात. लग्न तीन सीड्यांत होतं. पहिल्या सीडीत साक्षगंध आणि हळद. शूटिंगवाल्यानं आम्हा दोघांची मुंडकी बदामात बसवून मागे स्वित्झर्लंडचा बर्फ टाकला होता. बाहेर ४४ अंश होते आणि माझ्या कपाळावरचा घाम त्या बर्फातही लपत नव्हता. भाजीच्या पिशव्या घेतलेले लोक थांबले. "हा दुबला नवरदेव कोन होय बे?" अशी चौकशी झाली. उस्तादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लोकांनी आळीपाळीनं टीव्हीकडे आणि माझ्या पोटाकडे पाहिलं, पण विश्वास कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या सीडीत मंगलाष्टकं चालू असताना पडदा काळा झाला. लोक म्हणाले, बिघडला. बिघडला नव्हता; मांडवातली लाइट गेली होती. अंधारात भटजींचा आवाज येत राहिला, मग माझ्या बाबांचा, "जनरेटरवाला कोठी गेला? पाहा रे कोनीतरी!" त्या एका वाक्यासाठी ४५० रुपये ही काही रक्कम नव्हे. पंगत आली तेव्हा गर्दीतल्या एका गृहस्थांनी स्वतःला ओळखलं. ते पडद्यावर गुलाबजाम खात होते, शूटिंगवाला त्यांच्या तोंडावरून हलायला तयार नव्हता, आणि हातगाडीवाला मोठ्यानं गुलाबजाम मोजत होता.

तिसरी सीडी पाठवणीला अडकली. उस्तादांनी कारण सांगितलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते; शेवटचा मजकूर बाहेरच्या कडेला, आणि ओरखडे पहिल्यांदा कडेलाच पडतात. गाडीचं दार उघडलं, बायकोनं एक पाय आत टाकला आणि चित्र थिजलं ते थिजलंच. घरी हे सांगितल्यावर तिनं शांतपणे निष्कर्ष काढला की कागदोपत्री ती अजून अकोटलाच आहे, तेव्हा संध्याकाळच्या स्वयंपाकाचं ज्याचं त्यानं पाहावं.

मग शूटिंगवाल्याकडे मूळ कॅसेट असेल म्हणून चौकशी केली. त्यानं ती केव्हाच पुसून तिच्यावर दुसऱ्या कुणाचं लग्न घेतलं होतं, त्याच्यावर तिसऱ्याचं. आमच्या लग्नाची पृथ्वीवर एकच प्रत होती आणि ती दर वर्षाला थोडी थोडी विटत होती.

म्हणून आमचा निकाल असा. यंत्राचं वय पाहू नका, निम्म्या किमतीचा हिशेबही करू नका. दोनच गोष्टी पाहा: त्या यंत्राशिवाय उघडणार नाही असं काही घरात आहे का, आणि ते दुरुस्त करणारा माणूस गावात अजून आहे का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर दुरुस्त करा. पहिल्याचं 'नाही' असेल तर भंगारात द्या, मन दुखवू नका. सिनेमे कुठंही मिळतात; बाजारात प्लेअर आज नाही तर उद्या मागवूनही मिळेल. उस्ताद मिळणार नाही. त्यांचा मुलगा मोबाइलच्या काचा बसवतो आणि प्लेअरला हात लावत नाही.

आणि दुरुस्त झाला की त्यावर सिनेमा पाहत बसू नका. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या सीड्या काढा: लग्नाच्या, बारशाच्या, आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल घासू नका. चालताहेत तोवर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि एक प्रत लेकीकडे किंवा लेकाकडे ठेवा. उस्ताद हे काम करून देतात. दुपारी एक ते चार मात्र जाऊ नका, तेव्हा ते झोपलेले असतात; आणि लग्न अरेंज्ड नसेल तर टीव्हीचं तोंड आधी भिंतीकडे करायला सांगा.