गरिबी, ठरलेल्या केबीत

राज्यात गरीब असणं सोपं आहे. ते सिद्ध करायला मात्र ऐपत लागते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. ते आत आहे हे बापाला ठाऊक असतं, उधारी लिहिणाऱ्या वाण्याला तर तोंडपाठ असतं. पण सरकारला तहसीलचा दाखला लागतो. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, आणि तलाठी भाऊसाहेब भेटावेत म्हणून बुडवलेली दोन दिवसांची मजुरी. म्हणजे अर्ज करता करता उत्पन्न आपोआप मर्यादेत येतं. योजनेचा हा भाग मला फार आवडतो.

मग कागद ठरलेल्या केबीत बसवायचे. सहा माणसांचं कुटुंब केशरी रेशनकार्डावर मावतं, पण कार्ड फाइलीत मावत नाही. सायबर कॅफेतला पोरगा ते दाबून दाबून इतकं बारीक करतो की वरचं नाव आजोबांचं की गावाचं, ब्रह्मदेवालाही कळू नये. कॉलेजातला लिपिक ‘अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज परत धाडतो. त्याचंही चुकत नाही.

एवढं करून मंजुरी आलीच, तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. ते खातं शाळेच्या गणवेशाच्या पैशांसाठी उघडलेलं, कधीच निजलेलं. त्याला उठवायला केवायसी. काउंटरपलीकडच्या मॅडम एकदा पोराच्या दाढीकडे बघतात, एकदा आधारकार्डाकडे. तिथं तो अजून चौथीतच आहे.