कॅलरीकर

कॅलरीकर डोंबिवली पूर्वेला राहतात आणि फोर्टातल्या एका कचेरीत लेखा विभाग सांभाळतात. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. शरीराचाही जमाखर्च असतो आणि तो आजवर कुणी नीट लिहिलेला नाही, एवढंच त्यांच्या कानात शिरलं.

आपल्याकडे पथ्यवाल्यांचे दोन पंथ. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच जेवतात, तेही 55 मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांचे दर दोन तासांनी थोडंथोडं खातात. दोघांचंही घड्याळावर भागतं. कॅलरीकरांना आकडा लागतो. दिवसाला 1,600 कॅलरींची तरतूद त्यांनी स्वतःच मंजूर करून घेतली. पिष्टाच्या ग्रॅममागे 4 कॅलरी, तेला-तुपाच्या 9, हा दर ते लोकलमध्ये इतक्या वेळा ऐकवतात की त्यांच्या ग्रुपमधले लोक डबा पाठ फिरवून उघडतात.

खरी मौज मोबाइलमधल्या नोंदवहीत. तिला ओट्स कळतात, वालाचं बिरडं कळत नाही. मग बिरडं ‘उकडलेल्या बिया’मध्ये जातं आणि त्यावरचं ओलं खोबरं ‘फळं’ या सदरात. भात एकच वाटी, हा नियम मात्र कडक. वाटी आजतागायत एकाची दोन झालेली नाही. शीग तेवढी चढत गेली. नोंदवही वाट्या मोजते, शीग मोजत नाही.

शनिवारी ठाण्याला काम निघतं. (काम कसलं, हे घरात कुणी विचारत नाही.) मामलेदारच्या मिसळीतली मटकी ते प्रामाणिकपणे ‘कडधान्य’ म्हणून लिहितात. तर्रीने कपाळावर आलेला घाम ‘व्यायाम’कडे जमा होतो. बहिणीकडे कल्याणला गेले की खिडकी वडा येतोच. घराच्या खिडकीतून विकला जायचा म्हणून खिडकी वडा; ‘वाड्यातलं घरगुती आहे हो,’ असं म्हणत ते अर्धाच घेतात. असा अर्धा चार वेळा. अर्ध्याची नोंद करायची नाही, पैशांतही आपण पूर्णांक करतोच की! एकादशीचा प्रश्नच नाही. साबुदाण्याची खिचडी देवाच्या खात्यावर.

चालण्याची पावलं मोबाइल मोजतो. कोपर ते कळवा दारात लोंबकळताना खिशातल्या मोबाइलला जे हादरे बसतात, तीही पावलंच धरली जातात. कॅलरीकरांच्या मते हा रेल्वेचा सामान्य प्रवाशाला मिळालेला एकमेव भत्ता.

वर्षाचा ताळेबंद गुढीपाडव्याच्या सुमारास जुळवायला येतो, आणि तिथे पंचाईत होते. डोंबिवलीत 1999 पासून पाडव्याला शोभायात्रा निघते. धोतर, फेटा, पुढे ढोलपथक, असे कॅलरीकर सकाळभर फडके रोडवर असतात. यंदा ‘बसल्या जागी’ अशी मोबाइलने नोंद केली. ढोलाच्या मागे माणूस चालतो कमी, थांबतो जास्त, हे त्याला कुणी शिकवलेलं असणार!

घरी श्रीखंड-पुरी तयार होती. कॅलरीकरांनी मोबाइल पालथा घातला, पाटावर बसले आणि बायकोला म्हणाले, ‘‘वाढ. लेखापरीक्षण 1 एप्रिलनंतर.’’

‘‘अहो, शीग लावू?’’

‘‘श्रीखंडाला शीग कसली? बसेल तेवढं वाढ.’’