वाढत्या अंगाचं जाकीट

आमच्या तात्यांनी कराडात हयातभर लोकांच्या पोरांना मोठे कपडे शिवले. जूनमध्ये गणवेश नेलेला मुलगा दिवाळीपर्यंत त्यात शोधावा लागे. पँटीच्या पायाला आत चार बोटं माया दुमडलेली असायची. ती दरवर्षी बोटभर उसवायची आणि मॅट्रिकच्या फोटोत पँट घोट्यावर पोचली, की तात्या समाधानानं म्हणायचे, "कापड वाया गेलं नाही." अशा माणसाला बरोबर घेऊन नातीचं पाण्याखाली घालायचं जाकीट बघायला निघणं हे धाडसच होतं. पण आम्ही विचारायच्या आत ते गळ्यात टेप अडकवून गाडीच्या पुढच्या सीटवर बसले होते.

नात म्हणजे रेवा. वय अकरा, पण पायांचं वय चौदा. तिची आई अंदमानात स्कूबा शिकून आलेली. माझा या खेळातला वाटा बोटीत बसून टॉवेल धरण्याचा आणि ओकारी येत नसल्याचा चेहरा करण्याचा. 'पाडी' या संस्थेच्या नियमाप्रमाणे दहाव्या वर्षापासून मुलांना ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं. बाराव्या वर्षापर्यंत त्यांनी १२ मीटरच्या खाली जायचं नाही, आणि जायचं ते प्रमाणपत्रवाल्या पालकाबरोबर किंवा प्रशिक्षकाबरोबर. तेव्हा मायलेकी पाण्यात आणि आम्ही बापलेक काठावर, ही वाटणी सरकारमान्य असल्यासारखी झाली.

जाकीट म्हणजे थंडीचं नव्हे. याला बीसीडी म्हणतात. मागे हवेची टाकी आवळायची, जाकिटाच्या पिशवीत त्याच टाकीतली हवा सोडली की माणूस वर जातो, काढली की खाली. आणि वरही नाही, खालीही नाही, असं अधांतरी राहता आलं की शिक्षण पुरं झालं. हे ऐकून तात्या म्हणाले, "आमच्याकडे असं राहणाऱ्याला बिनकामाचा म्हणतात."

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. घाटात रेवानं दोनदा गाडी थांबवायला लावली. तात्यांनी त्यातही तिची मापं घेतली.

तारकर्लीला शिकवायला होता तिथलाच एक तरुण. आजा-पणजा मासेमारी करणारे, हा माणसं पाण्यात सोडणारा. मी ओळखीतून एक जाकीट स्वस्तात मिळवून आणलं होतं. बाईमाणसाच्या मापाचं, मोठ्यांतलं सगळ्यात लहान. तात्यांनी ते रेवाला कोरडंच चढवलं, बगलेत दोन्ही मुठी घालून पाहिल्या आणि निकाल दिला, "छातीत सहा इंच सैल. तीन वर्षं बघायला नको."

प्रशिक्षकानं नम्रपणे जाकिटाकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "तात्यानू, ह्या जाकीट चेडवाक नाय, तुमका व्हया."

पण वाद घालण्याऐवजी त्यानं तिला वेटसूटवर तेच जाकीट घालून पोहायच्या तलावाच्या कंबरभर पाण्यात उभं केलं आणि हवा भरली. जाकीट वर आलं. रेवा होती तिथेच राहिली. जाकिटाचे खांदे तिच्या कानांपाशी गेले, छातीचा पट्टा हनुवटीवर आला आणि मधल्या फटीतून दोन डोळे आजोबांकडे बघू लागले. एवढ्यात सैल पडलेली टाकी डावीकडे कलंडली आणि तिच्यापाठोपाठ आमची मुलगी उताणी झाली. प्रशिक्षकानं तिला उचलून सरळ केलं, हवा सोडली, पुन्हा भरली. पुन्हा तेच.

"सैल आहे म्हणून नव्हे," तात्या म्हणाले, "पाणी जास्त आहे."

मग बायकोनं त्यांना बाकावर बसवून समजावलं. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे पिशवीत लोटाभर हवा असेल, तर वर येईपर्यंत ती दोन लोटे होते आणि माणसाला अधिकच वर ढकलते. म्हणून वर येताना ती सतत थोडी थोडी काढत राहावी लागते. पिशवी गरजेपेक्षा मोठी असली की हवा कुठल्या तरी कोपऱ्यात दडून बसते. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीचं बटण हाताला चटकन लागलं पाहिजे, मागे कमरेपाशी असलेल्या झडपेची दोरी न शोधता सापडली पाहिजे, आणि बटण अकरा वर्षांच्या अंगठ्याला दाबता आलं पाहिजे. पुढच्या वर्षीच्या अंगठ्याला नव्हे. तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. उसवून वाढवता न येणारं कापड त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं.

दुसरं जाकीट तिथलंच, भाड्याचं, अगदी पोरांच्या मापाचं. रिकामं असताना इतकं सुरेख बसलं की मी फोटो काढला. हवा भरली आणि रेवाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बरगड्या आवळल्या, पोटाचा पट्टा रुतला, श्वास अर्ध्यावर थांबला. प्रशिक्षकाची परीक्षा इथे सोपी होती. वेटसूट घालून वर जाकीट चढवायचं, जादा हवेची झडप फुसफुस करेपर्यंत भरायचं आणि मग पोटभर श्वास घ्यायचा. श्वास पुरा झाला नाही तर मापाचं नाव काहीही असो, ते जाकीट लहान. मग खांद्याचे पट्टे धरून वर उचलायचं. जाकीट उचललं गेलं आणि माणूस खाली राहिला, तर मोठं. गेली कित्येक वर्षं मी दुकानात मान हलवून 'बरं बसतंय' म्हणत शर्ट विकत घेतो आहे. ही परीक्षा तिथे लावली, तर माझ्या कपाटात हँगर तेवढे उरतील.

मधल्या मापाचं जाकीट रेवाला नेमकं बसलं. सगळे खूश. मग बायकोनं विचारलं, "आणि पुढच्या डिसेंबरात?"

या वयात मुलगी वर्षात सहा-सात सेंटिमीटर सहज वाढते. जाकिटाची किंमत पाच आकडी. भागाकार मला जमतो, पण तो मोठ्यानं करायची हिंमत कुणाला झाली नाही. रेवानं मध्येच, यात गुलाबी नाही का, असं विचारून घेतलं. तिच्यापुरता तांत्रिक प्रश्न तेवढाच होता.

तेवढ्यात शिशाची पाळी आली. वेटसूट तरंगतो, म्हणून कमरेला शिसं बांधावं लागतं. लहान मुलांना ते मोजून आणि कमीच. जाकिटात हवा नसताना, श्वास नेहमीसारखा रोखून धरला, तर पाणी डोळ्यांपर्यंत यावं. ते डोक्यावरून गेलं तर शिसं जास्त झालं. जास्त शिसं बांधायचं आणि ते उचलून धरायला जास्त हवा भरायची, हा नवशिक्यांचा आवडता उद्योग आहे. प्रशिक्षक अर्ध्या अर्ध्या किलोचे तुकडे काढत-घालत होता. समोर मालवणच्या दिशेला सिंधुदुर्ग. त्याचं बांधकाम १६६४च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं तिथे सगळेच सांगतात. तात्या म्हणाले, "महाराजांनी शिसं किल्ल्याला लावलं तर तो हलला नाही. तुम्ही नातीला लावताय आणि वर म्हणताय तरंगू दे."

आणि मग प्रशिक्षकानं मागच्या खोलीतून ती पाटी आणली. वीतभर रुंदीची धातूची पाटी, तिला भोकं, भोकांतून ओवलेला अडीच-तीन बोटं रुंदीचा एकच अखंड पट्टा, आणि मागे बसणारी हवेची पिशवी. बस्स. ना खिसे, ना गादी, ना रंग. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत शिरणाऱ्या मंडळींनी हा थाट लोकप्रिय केला. त्यात माप असं नसतंच. पट्टा बकलातून ओढला की लहान, सोडला की मोठा.

तात्या उठून उभे राहिले.

त्यांनी पट्टा बोटांत धरून ताणून पाहिला. बकलाच्या मागे किती लांबी उरते ते टेपनं मोजलं. "ही माया," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा बदलला होता. "पोर वाढली की सोडायची. हे ज्यानं काढलं तो शिंपी होता." नसेल तर निदान व्हायला हवा होता, असं त्यांचं मत. पाटीच्या खालून दोन पायांमधून पुढे येणारा पट्टा दिसला, तेव्हा तर त्यांना गहिवरून आलं. तो पट्टा असला की जाकीट कानापर्यंत चढत नाही. त्यांनी तो लगेच ओळखला, "हा तर लंगोट." कुस्तीच्या पंचक्रोशीतला माणूस, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी तिथल्या तिथे घेऊन टाकायला निघालो होतो. पण बायकोनं आणि प्रशिक्षकानं मिळून आम्हा दोघांनाही खाली आणलं. स्टीलची पाटी दोन-तीन किलोंची असते. रेवाला लागणारं सगळं शिसं त्यातच भरतं, आणि वेळ आली तर शिसं सोडून देता येतं, पाटी नाही. म्हणजे ॲल्युमिनियमची हवी. मोठ्या माणसाच्या पाटीचं खालचं टोक तिच्या पाठीला पुरून उरेल, म्हणजे आखूड हवी. आणि टाकी? सगळीकडे मिळते ती ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच १४ किलोंच्या आसपास भरते. ती पाठीवर घेऊन रेवा उभी राहिली तेव्हा मागून नुसती टाकीच चालत असल्याचा भास झाला. तिला लहान टाकी हवी आणि ती चढवायला बोटीत मोठं माणूस. सध्या मापाचं जाकीट भाड्यानं घ्यायचं, आणि पाठ पाटीएवढी झाली की पाटी विकत घ्यायची, असं बायकोनं ठरवलं. स्वतःचा मास्क मात्र आताच, कारण चेहरा त्या मानानं सावकाश वाढतो. माझं ओळखीतलं स्वस्त जाकीट प्रशिक्षकानं मला लावून पाहिलं. मला ते बसलं. पोटाचा पट्टा सोडून.

जुन्या लोकांकडे यातलं काहीच नव्हतं, हे बायकोनं परतताना सांगितलं. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये श्वास घ्यायचं यंत्र जमवलं, तेव्हा ते नुसत्या फुप्फुसाच्या आणि शिशाच्या जोरावर तरंगायचे. गळ्यात अडकवायची पिशवी १९६१ ची, अंगात घालायचं जाकीट १९७१ चं. म्हणजे तात्या शिवणकाम शिकत होते त्या सुमाराचं, पण त्यांनी ऐकलं नाही. ते गाडीत नव्हतेच.

ते बोटीजवळ होते. वेटसूटचं रबर कसं शिवतात, असं त्यांनी सहज विचारलं होतं. ते आधी चिकटवतात आणि मग सुई आरपार न नेता अर्ध्या जाडीतून टाके घालतात, हे कळल्यावर त्यांनी करून दाखवायला मागितलं. दाखवलेलं त्यांना पसंत पडलं नाही. गाडी वळवून आम्ही परत पोचलो तेव्हा बोटीवरची सगळी पोरं फाटके वेटसूट घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभी होती. तात्यांच्या चष्म्याला डिंक लागला होता, टेप एकाच्या छातीभोवती होता आणि ते त्याला विचारत होते, "लग्न झालंय का? मग कमरेत दोन बोटं सैल सोडतो."