श्रेय ककाओला, दोष महूला

होळी होऊन आठवडा झाला होता. चांदसैलीचा घाट चढून पुण्याची पुतणी धडगावला आली. पुण्यात ती संगणकाच्या कंपनीत आहे. पगार महिन्याला मिळतो, ताण मात्र रोजच्या रोज. आल्या आल्या तिने बॅगेतून एक तपकिरी पुडा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मला वाटलं, बाकरवडी.

"काका, ककाओ. सेरेमोनियल ग्रेड."

"म्हणजे कोको."

"कोको नाही काका, ककाओ!"

पुढे पुड्यावरची किंमत वाचली, तेव्हा फरक कळला. ककाओत एक शून्य जास्त असतं.

विधी असा. गोल बसायचं, डोळे मिटायचे, कप छातीशी धरायचा, मनात संकल्प करायचा आणि घोट घोट घ्यायचा. ताण उतरतो, मन हलकं होतं, नात्यात जवळीक येते. जवळीक म्हणताना तिने आमच्या दोघांकडे पाहिलं. बायको म्हणाली, "अगं, दोन खोल्यांचं घर. आणखी किती जवळ यायचं?"

शेजारची पावरा आजी महूच्या फुलांची टोपली घेऊन चालली होती, तिलाही बसवलं. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "औषध आहे का?"

"नाही आजी."

"मग कडू कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी शास्त्राकडे वळलो. लिनियसने १७५३ साली या झाडाला 'थिओब्रोमा' म्हटलं, म्हणजे देवांचं अन्न. आमच्या अक्राणी तालुक्यात देवांचं अन्न पोहोचेपर्यंत पातळ होतं, कारण कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं आणि एप्रिलात आमचा पारा त्याच्या बराच वर असतो. ककाओतला मुख्य उत्तेजक घटक थिओब्रोमाइन, सोबत थोडं कॅफिन. दोघं सख्खे नसले तरी चुलत भाऊ. ते पोटात गेले की तरतरी येते, छाती जरा धडधडते. या धडधडीला पुण्यात 'हृदय उघडणं' म्हणतात. आमच्याकडे डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात.

मग आनंदाचा विषय. १९९२ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतला एक रेणू सापडला आणि त्याचं नाव संस्कृत 'आनंद'वरून 'आनंदामाइड' ठेवलं गेलं. १९९६ साली चॉकलेटमध्येही त्याचा अंश मिळाला. अंश म्हणजे अंशच, आणि तोही पोटातच मोडतो. शब्द आपला, रेणू त्यांचा आणि आनंद कुणाच्याच पदरात नाही!

ताणाचं म्हणाल, तर २००९ साली नेस्लेच्या संशोधकांनी ३० माणसांना १४ दिवस रोज ४० ग्रॅम काळं चॉकलेट खाऊ घातलं आणि चिंताग्रस्त मंडळींची ताणाची संप्रेरकं उतरल्याचं सांगितलं. चॉकलेटवाल्याने चॉकलेट तपासलं, ते चांगलं निघालं. आमच्या पाड्यावरच्या भट्टीवाल्याने ३० माणसांना १४ दिवस महूची दारू पाजून ताण मोजला, तर निष्कर्ष याहून उत्साहवर्धक येईल. पण त्याचा शोधनिबंध छापत नाहीत, पंचनामा करतात.

राहता राहिली जवळीक. मेक्सिकोचा राजा मोक्तेसुमा राण्यांकडे जाण्याआधी सोन्याच्या पेल्यातून कोको पीत असे, असं बर्नाल दीआझ या स्पॅनिश सैनिकाने लिहून ठेवलं. गुण पेल्यातल्या कोकोचा की पेल्याच्या सोन्याचा, हे त्याने तपासलं नाही. ते काम इटलीत झालं. २००६ साली १६३ स्त्रियांना विचारलं, तेव्हा रोज चॉकलेट खाणाऱ्यांचं कामजीवन सरस दिसलं. मग संशोधकांनीच वयाचा हिशेब मांडला. चॉकलेट खाणाऱ्या मुळात तरुण होत्या! वय वजा करताच चॉकलेटचा गुणही वजा झाला. तारुण्याचं श्रेय चॉकलेट घेऊन गेलं होतं.

इथे मला आजीची टोपली आठवली.

या दिवसांत सातपुड्यात महू गळतो. पुस्तकी मराठीत तो मोह. पहाटे बायकापोरं झाडाखाली फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. फुलं भाजून खातात, बियांचं तेल काढतात आणि हो, दारूही गाळतात. ती दारू देवाच्या कामाला लागते. माणसं गोल बसतात, पहिली धार धरतीला देतात, पूर्वजांची नावं घेतात, मग आपण घेतात. गोल बसणं आलं, संकल्प आला, घोट आला. पुतणीच्या समारंभात आहे ते सगळं इथे आहे. पुडा तेवढा नाही.

पण ककाओ प्यायला की तो 'वेलनेस', आणि महू प्यायला की गुन्हा. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी खास कायदा केला आणि तो ठाणे-कुलाब्याला लावला. झाडावरून गळलेल्या फुलाला सरकारने घाबरावं, असं ते राज्य होतं. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, भीती कायम राहिली. फुलांवरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले ते २०२१ साली. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मात्र अलिराजपुरात हीच दारू बाटलीत भरून तिला 'हेरिटेज' म्हटलं. नदीच्या या काठाला आरोपी, त्या काठाला वारसा. मधलं पाणी धरणाचं.

दारूची आरती ओवाळावी, असं मी म्हणत नाही. मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात याच डोंगरातल्या हजारोंची दारू सोडवली आणि १९७०च्या दशकात शहाद्याकडच्या आदिवासी बायकांनी भट्ट्यांची मडकी फोडली. दारूने घर बसतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. सरकारी साहेबांना विचारा, पाड्यावरचं पोर कुपोषित का? दारू. शाळेतून मुलं गळतात का? दारू. बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, का? साहेब क्षणभर थांबतात, कारण रस्ता काही दारू पीत नाही. पण मग म्हणतात, "मानसिकता." सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात, या ताणावर कुणी ४० ग्रॅम काही देऊन पाहिलं नाही. फूल मुकं असतं, त्याच्या माथी काहीही मारता येतं.

जवळिकीचंही तेच. होळीआधी आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल वाजतात, पावरी वाजते. लोक डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार घेतात. बाहेरून कॅमेरेवाले येतात आणि विचारतात, "जोडपी पळून कुठून जातात?" वर्षानुवर्षं ते याला प्रणयाचा मेळा म्हणून छापतात आणि आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगतात, बाबांनो, हा होळीचा बाजार आहे. ९ फेब्रुवारीला पुण्यात पोरं-पोरी 'चॉकलेट डे' म्हणून दुकानं रिकामी करतात, तेव्हा कुणी कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे धावत नाही. तिथे चॉकलेट घेणारा प्रेमी असतो. इथे गूळ घेणारा संशयित.

पुतणी तीन दिवस राहिली. रोज संध्याकाळी ककाओ झाला. तिसऱ्या दिवशी तर बायको, आजी, आजीच्या नाती अशा सगळ्या रात्री उशिरापर्यंत अंगणात हसत बसल्या होत्या. आजीने आपल्या कपात गूळ घालून घेतला होता. पुतणी सकाळी म्हणाली, "काका, किती महिन्यांनी अशी झोप लागली! पाहिलंत ना ककाओ?"

मी मान डोलावली. मोबाइलचा टॉवर ती आली त्या संध्याकाळपासून बंद होता, पण पाहुण्याच्या श्रद्धेला धक्का देऊ नये.

दुपारी ती निघाली. आजीने तिला ओंजळभर वाळलेला महू रुमालात बांधून दिला. घाट उतरून गाडी तळोद्याकडे लागली असेल, तोवर आमचाही टॉवर परतला होता. तिचा निरोप आला:

"काका, रेंज आली. एकशे बारा मेसेज. असर उतरला."