टेबलावर सरळ

आमचा पुतण्या चष्म्याच्या दुकानात काम शिकायला लागल्यापासून घरात कुणाचाही चष्मा सुखाने पडून राहत नाही. तो उचलतो, खिडकीच्या गजांसमोर धरतो आणि हळूच डावी-उजवीकडे हलवतो. गज चष्म्याबरोबर सरकले तर नंबर वजा, उलट दिशेला पळाले तर अधिक. काच गोल फिरवताना गज जागच्या जागी तिरके झाले, तर सिलिंडर. दुकानात नंबर मोजायला लेन्सोमीटर आहे. पण मालकांचं म्हणणं, आधी हात बसला पाहिजे.

मग पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. ते मोजायला गिऱ्हाइकासमोर हातभर अंतरावर बसायचं, पट्टी त्याच्या नाकावर टेकवायची आणि आपला एकेक डोळा मिटून बघायचं. इतक्या जवळून मुरलेली जोडपीही एकमेकांकडे बघत नसावीत. लाजरी माणसं हसतात, की पट्टी सरकली! “सरकेना का थोडी,” मी म्हटलं. त्यावर हिशेब आला: वजा ४ नंबरच्या काचेचा मध्य ५ मिलिमीटर चुकला, की २ प्रिझम. नंबर बरोबर, काच बरोबर, आणि संध्याकाळी डोकं ठणकतंय.

पण खरी मेख कानांत आहे. तयार चष्मा काड्या उघडून टेबलावर उलटा ठेवतात. सगळीकडून नीट टेकला, की फ्रेम सरळ. तोच चष्मा नाकावर चढला की तिरका! कारण दोन्ही कान एका पातळीत असलेला माणूस विरळा. (ब्रह्मदेवाकडे टेबल नसावं.) मग ज्या बाजूची काच वर दिसते, त्याच बाजूची काडी वर वाकवायची, शेलची, म्हणजे प्लॅस्टिकची, फ्रेम असेल तर आधी हीटरवर गरम करून. थोडक्यात, सरळ चष्मा मुद्दाम वाकडा करायचा, तेव्हा कुठे तो सरळ दिसतो.

आता “तुमचे कान वरखाली आहेत” हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? त्यासाठीचं वाक्य मालकांनी पुतण्याकडून सुरुवातीलाच घोटून घेतलंय: “फ्रेम जरा वाकलीये, सरळ करून देतो.”

हल्ली लग्नात अक्षता टाकताना हा नवरा-नवरीचे कान न्याहाळतो. मुंडावळ्यांमुळे नीट अंदाज येत नाही, ही त्याची तक्रार.

परवा मी माझा नवा चष्मा त्याच्या हाती दिला. त्याने टेबलावर उलटा ठेवला. कुठेही डुगडुगला नाही. मग माझ्या नाकावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

“काका,” तो अदबीने म्हणाला, “फ्रेम जरा वाकलीये.”